मुलुंडचं घर, थिबाचा राजवाडा

आमच्या घरातल्या मुलांना पाढ्यांच्या आधी लाकडं ओळखता यायची. पाट फणसाचे, अप्पांची काठी शिसवी, आणि घर सगळंच्या सगळं बर्मा टीकचं. अप्पा म्हणजे आमचे आजोबा. 'बर्मा टीक' हे दोन शब्द ते ज्या सुरात उच्चारत, त्या सुरात दुसरी माणसं आपल्या घराण्याचं नाव घेतात.

घर मुलुंडला होतं, पाचरस्त्यापासून थोडं आत. एकमजली, कौलारू, मागे विहीर. त्यात तीन भावांचे संसार, अप्पांची विधवा बहीण आक्काआजी, आणि आम्ही डझनभर चुलत भावंडं. मुलुंडचे रस्ते तेव्हाही सरळ, एकमेकांना काटकोनात छेदणारे होते, पण गाव मुंबईत नव्हतं. ते महापालिकेच्या हद्दीत आलं १९५७ साली. त्यानंतरही कितीतरी वर्षं अप्पा व्ही.टी.ला निघाले की 'मुंबईस जाऊन येतो' असंच सांगून निघत. आमच्या पिढीचं बालपण या 'मुंबईस' आणि 'गावास'च्या मधल्या जागेत गेलं. मुंबई बापमाणसांच्या कचेरीची आणि गाव मे महिन्याचं.

घराला पुढे ओटा, मग ओटी, मग माजघर, त्याच्यामागे स्वयंपाकघर आणि मोरी. म्हणजे कोकणातलंच घर अप्पांनी मुलुंडला उचलून आणलं होतं. फक्त वरचा मजला मुंबईच्या चालीचा, रस्त्याकडे लांबच लांब गॅलरी आणि तिला लाकडी कठडा. ओटीवर चार खांब होते. त्यातल्या माजघराच्या दाराजवळच्या खांबाला आक्काआजी पाठ टेकून बसायची. चाळीस वर्षं तिनं तिथं बसून वाती वळल्या, तांदूळ निवडले, आम्हाला परवचा म्हणायला लावला. तिच्या डोक्याच्या उंचीवर खांबाला एक काळसर, तुळतुळीत पट्टा पडला होता. खोबरेल तेलाचा. त्याच्यावर हातभर दुसरा पट्टा होता, तो उभ्यानं टेकणाऱ्या काकांचा. आणि अगदी खाली, गुडघ्याएवढ्या उंचीवर, तिसरा. खेळून दमल्यावर खांबाला पाठ लावून फतकल मारणाऱ्या आमचा. बोटानं घासलं तर बोटाला अजूनही तेलाचा वास येतो की काय, हे आम्ही पाहत असू. येत असे.

'हा खांब रंगूनहून आलाय,' अप्पा सांगत. 'तुम्हा सगळ्यांपेक्षा जास्त प्रवास झालाय त्याचा.'

तो प्रवास कसा होतो हेही त्यांनीच सांगितलं, कारण गिरगावात एका लाकडाच्या वखारीवर त्यांनी तरुणपणी हिशेब लिहिले होते. ब्रह्मदेशच्या जंगलात सागाचं झाड एकदम पाडत नसत. आधी बुंध्याभोवती सालीचं आणि खालच्या लाकडाचं कडं काढायचं आणि झाड उभ्या उभ्या मरू द्यायचं. दोन-तीन वर्षं ते तसंच वाळत उभं राहायचं, कारण ओला साग पाण्यात बुडतो, वाळलेला तरंगतो. मग पाडायचं, हत्तींनी ओढत ओढ्यापर्यंत न्यायचं, पावसात ओढ्याला पूर आला की ओंडके इरावतीत उतरायचे, तिथं त्यांचे तराफे बांधायचे आणि रंगूनच्या गिरण्यांपर्यंत आणायचे. तिथून आगबोटीनं मुंबई. सागाच्या अंगातच तेल असतं, म्हणून वाळवी त्याच्या वाटेला जात नाही. पावसात आमची सगळी दारं फुगून बसायची, पण ती खालच्या दर्जाची. खांब आणि तुळया ढिम्म.

या लाकडापायी एक राजा देशोधडीला लागला, हे आम्हाला मुलुंडात नाही, रत्नागिरीत कळलं.

आत्याचं घर रत्नागिरीला खालच्या आळीत. परीक्षा संपली की ठाण्याच्या डेपोतून रात्रीची एस.टी. पकडायची. पनवेल, महाड, मध्यरात्री कशेडीचा घाट, चिपळूणला चहा, हातखंब्याच्या तिठ्यावर गाडी उजवीकडे वळली की सगळे जागे. कोकण रेल्वे अजून लांब होती, ती १९९८ साली सुरू झाली तेव्हा आमच्यातली बहुतेक जणं चाळिशीकडे झुकली होती. सुट्टीत एकदा तरी आत्या आम्हाला दोन घरं दाखवायला न्यायची. सकाळी टिळकांचं, संध्याकाळी थिबाचं. दरवर्षी. कुणी कुरकुरलं तर म्हणायची, 'घर एकदा पाहून कळत नाही.'

टिळकांचं जन्मघर मधल्या आळीत आहे. २३ जुलै १८५६ ला टिळक तिथं जन्मले, वडील गंगाधरपंत शाळामास्तर होते. पुढे १८६६ साली वडिलांच्या बदलीमुळे सगळं कुटुंब पुण्याला गेलं. आज हे घर राज्याच्या पुरातत्त्व खात्याकडे आहे, आवारात लोकमान्यांचा पुतळा आहे. पण आम्हाला त्या घरात कधी परकं वाटलं नाही, आणि ते थोर पुरुषाचं घर आहे म्हणून दडपणही आलं नाही. जांभ्याच्या भिंती, उतरती कौलं, वाकल्याशिवाय आत जाता येत नाही अशी दारं. आमच्या मुलुंडच्या घराचं मूळ हेच. कोकणातल्या पावसानं या घराचा प्रत्येक कोन ठरवलेला आहे. छप्पर इतकं खाली उतरतं की तिरप्या सरीचं पाणी भिंतीला लागू नये. जांभा खाणीतून काढताना मऊ असतो, पहारीनं आणि कुऱ्हाडीसारख्या हत्यारानं त्याचे चिरे पाडता येतात, आणि मग वाऱ्या-उन्हात तो कडक होत जातो. आत्या भिंतीवर तळवा ठेवायला लावायची. बाहेर मे महिन्याचं ऊन मी म्हणत असलं तरी भिंत गार.

संध्याकाळी मग भाट्याच्या खाडीवरच्या उंचवट्याकडे. थिबाचा राजवाडा.

आमच्या लहानपणी त्याचं संग्रहालय झालेलं नव्हतं. वास्तू सरकारी ताब्यात होती आणि आम्ही बाहेरून, व्हरांड्यातून, उघड्या राहिलेल्या दारांतून जेवढं दिसेल तेवढं पाहत असू. तीन मजली इमारत, पण टिळकांच्या घराचाच तांबडा जांभा आणि तशीच उतरती छपरं. फरक खिडक्यांचा. अर्धवर्तुळाकार, लाकडात नाजूक कोरलेल्या, रंगीत काचांच्या. पश्चिमेला समुद्र असल्यामुळे दिवस कलला की त्या काचांतून रंग आत उतरायचे. लांब व्हरांडे, लाकडी कठडे, आतमध्ये संगमरवरी फरशीचं मोठं दालन, जिथं नाच होत असे असं सगळे सांगत. हे सागवान ब्रह्मदेशातून आलं, असं रत्नागिरीत कुणालाही विचारा, तो सांगेल. आमच्यातल्या थोरल्या दादानं एकदा व्हरांड्यातल्या खांबावर बोटाची पेरं आपटून पाहिली आणि अप्पांच्या आवाजात म्हणाला, 'बर्मा टीक.'

मग आत्यानं पायरीवर बसून गोष्ट सांगितली. पुढे मोठेपणी वाचून आम्ही तिच्यात भर घातली, पण सांगाडा तिचाच.

थिबा हा ब्रह्मदेशचा राजा, १८७८ मध्ये मंडालेच्या गादीवर आला. त्याच्या राज्यातली सागाची जंगलं तोडण्याचा मक्ता ज्या कंपनीकडे होता तिचं नाव बॉम्बे बर्मा ट्रेडिंग कॉर्पोरेशन. १८६३ साली आपल्या मुंबईत निघालेली कंपनी. १८८५ मध्ये थिबाच्या दरबारानं कंपनीवर आरोप ठेवला की जितके ओंडके बाहेर काढले तितक्यांचा पैसा भरलेला नाही, आणि जबर दंड ठोठावला. इंग्रजांना वरच्या ब्रह्मदेशात फ्रेंचांचा पाय शिरेल ही भीती आधीपासून होतीच, त्यांना निमित्त मिळालं. नोव्हेंबरमध्ये फौजा इरावतीतून वर चढल्या, आणि पंधरवड्याच्या आत राजा कैद झाला. राणी सुपयालात आणि लहान मुलींसह त्याला आधी मद्रासला आणि मग एप्रिल १८८६ मध्ये रत्नागिरीला आणून ठेवलं. रेल्वे नाही, पावसाळ्यात बंदर बंद. पदच्युत राजाला ठेवायला इंग्रजांना याहून सोयीची जागा मिळाली नसती.

हा राजवाडा त्यांना लगेच मिळाला नाही. जवळजवळ पंचवीस वर्षं राजा इथं बंगल्यांत राहिला, तनख्यासाठी अर्ज करत आणि आणलेलं जवाहीर विकत. १९१० च्या अखेरीस तो या वास्तूत राहायला आला. जागा निवडण्यापासून आराखड्यापर्यंत त्यानं स्वतः लक्ष घातलं होतं. आणि बरोबर त्या दिवसांत, मधल्या आळीत जन्मलेले टिळक मंडालेच्या तुरुंगात होते, १९०८ पासून १९१४ पर्यंत, लाकडी कोठडीत, गीतारहस्य लिहीत. मंडालेचा राजा रत्नागिरीत आणि रत्नागिरीचा लोकमान्य मंडालेत. दिल्लीचा बहादूरशहा त्याआधी रंगूनला नेऊन ठेवलेला, तिथंच १८६२ मध्ये गेलेला. माणसाला त्याच्या घरापासून किती दूर ठेवलं की तो मुका होतो, याचा हिशेब साम्राज्यानं फार नेटका मांडला होता. टिळकांच्या बाबतीत तो चुकला. थिबाच्या बाबतीत चुकला नाही. डिसेंबर १९१६ मध्ये तो रत्नागिरीतच वारला. राजवाडा त्याच्या वाट्याला जेमतेम सहा वर्षं आला.

त्याचं मंडालेचं राहतं घरही सागाचं होतं, खांबच्या खांब, सोन्याचा मुलामा दिलेले. १९४५ च्या लढाईत ते जळून गेलं. वाचला तो फक्त एक महाल, आणि तो वाचला थिबामुळेच. वडील मिंडन राजे ज्या दालनांत वारले ती त्यानं गादीवर येताच उतरवून राजवाड्याबाहेर नेली आणि मठाला दिली. श्वेनानडॉ मठ म्हणून ती आजही उभी आहेत. खिळ्यांवर नाही तर कुसू-खाचांवर पेललेलं सागवानी घर असं सोडवता येतं आणि दुसरीकडे पुन्हा उभं करता येतं. अप्पा गेल्यावर मुलुंडचं घर उतरवायची वेळ आली तेव्हा आम्हाला हे माहीत असतं तरी उपयोग नव्हता. पुन्हा उभं करायला जागा कुठून आणणार?

आत्याबरोबरच्या त्या फेऱ्यांत एकदा थोरली काकूही होती. आम्ही मुलं छत, काचा, गॅलरी यांवर खूश. काकू मात्र इमारतीला पूर्ण फेरी घालून आली आणि आत्याला म्हणाली, 'वन्सं, हिचं स्वयंपाकघर कुठे हो? आणि मोरी? एवढ्या बायका होत्या घरात, दासी होत्या, चार मुली. त्या न्हायच्या कुठे?' आत्याला सांगता आलं नाही. तिथल्या पहारेकऱ्यालाही नाही.

त्या चार मुलींतल्या थोरलीची हकिकत रत्नागिरीत सगळ्यांना ठाऊक होती. राजवाड्यावर नोकरीला असलेल्या गोपाळ सावंतांपासून तिला मुलगी झाली, टुटू. राजा गेल्यावर १९१९ मध्ये राणी मुलींसह रंगूनला परतली, पण थोरली राजकन्या लेकीला घेऊन पुन्हा रत्नागिरीला आली आणि १९४७ मध्ये इथंच वारली. टुटू मराठी बोलत, गरिबीत संसार करत रत्नागिरीतच म्हातारी झाली आणि २००० साली गेली. म्हणजे आम्ही सुट्टीत ज्या राजवाड्याच्या पायऱ्यांवर बसून राजाची गोष्ट ऐकत होतो, त्या राजाची नात त्याच गावात चूल पेटवत होती. हे कळलं तेव्हा आम्ही सगळी मोठी झालेली, आपापल्या संसारात. पण थोरल्या काकूचा प्रश्न त्या दिवसापासून आमच्या डोक्यात पक्का बसला.

आता राजवाड्यात सरकारी प्रादेशिक संग्रहालय आहे. आम्ही भावंडं काही वर्षांपूर्वी मुलंबाळं घेऊन गेलो. डिसेंबर २०१२ मध्ये म्यानमारचे राष्ट्राध्यक्ष थेन सेन थिबाच्या समाधीला येऊन गेले, तेव्हापासून बाहेरच्या लोकांची पावलंही इकडे जास्त वळतात. वास्तू उभी आहे, ती पाडून तिथं काही दुसरं झालं नाही, याचं आम्हाला मनापासून समाधान आहे. जांभा तसाच, काचा तशाच. आत मांडलेल्या दगडी मूर्तीही आपापल्या जागी मोलाच्या. पण आमच्या मते घराचं संग्रहालय करायचं तर आधी ते घर म्हणून दाखवायला हवं. कोण कुठे निजत होतं, पाणी कुठून यायचं, तांदूळ कुठे ठेवत, राजकन्या कुठल्या व्हरांड्यात बसून दुपार काढत. मधली ताई एका खांबाजवळ वाकून बराच वेळ बघत होती. काय बघतेस विचारलं तर म्हणाली, 'तेलाचा पट्टा.' खांब स्वच्छ होता. निगा ठेवणाऱ्यांनी आपलं काम चोख केलं होतं.

मुलुंडचे खांबही स्वच्छच झाले. घर पुनर्विकासात गेलं तेव्हा लाकूडकाम वेगळं विकलं. ओशिवऱ्याला जुन्या लाकडाचा नि फर्निचरचा जो मोठा बाजार आहे तिथं, जोगेश्वरीजवळ. मुंबईत पडलेल्या कितीतरी चाळींचे, बंगल्यांचे खांब, दारं, जिन्यांचे कठडे तिथं ओळीनं टेकून ठेवलेले असतात. म्यानमारनं २०१४ मध्ये कच्च्या ओंडक्यांची निर्यात बंद केल्यापासून जुन्या बर्मा टीकला आणखीच भाव आला. धाकटा काका आणि दोघे भाऊ खांब पाहायला गेले तेव्हा व्यापाऱ्यानं त्यांवरून रंधा फिरवायला सुरुवात केली होती. आक्काआजीच्या खांबाचं वरचं साल निघालं होतं आणि खालून लाकूड सोनेरी, जणू काल कापलेलं. ऐंशी वर्षं जुनं लाकूड आतून इतकं ताजं असतं, हे पाहून काका नुसते उभे राहिले. तो खांब त्यांनी परत विकत घेतला. आज तो नव्या इमारतीत त्यांच्या फ्लॅटच्या बैठकीत कोपऱ्यात उभा आहे, काही न पेलता. माणसं येता-जाता त्याला हात लावतात.

गेल्या दिवाळीत थोरल्या दादाच्या नातीनं, ती आर्किटेक्चरला आहे, सगळ्यांना कामाला लावलं. मुलुंडच्या घराचा एकही नकाशा शिल्लक नाही. फोटो आहेत ते मुंजीचे, लग्नांचे, माणसांच्या मागे घर दिसेल तेवढं. तिनं प्रत्येकाला कोरा कागद दिला आणि आठवेल तसं घर काढायला सांगितलं. एकमेकांचं बघायचं नाही. साठीची, सत्तरीची माणसं परीक्षेला बसल्यासारखी माना खाली घालून बसली. पुढची बाजू सगळ्यांची जुळली. ओटा, चार खांब, जिना कुठून चढतो, त्याच्या तोंडावर पडणारी झडप, गॅलरीची लांबी, गॅलरीतली जी फळी कुरकुरायची तिची जागासुद्धा. माजघराच्या मागे मात्र बारा कागदांवर बारा घरं होती. आम्ही भावांनी स्वयंपाकघर एका चौकोनात उरकलं होतं. बहिणींनी चूल, पाणचूल, फडताळ, मोरीचा कट्टा काढला होता, पण तोही एकमेकींशी जुळेना. आणि स्वयंपाकघर नि विहिरीकडची भिंत यांच्यामध्ये सगळ्यांच्याच कागदावर मोकळी जागा होती. मापं जुळवली तर तिथं आणखी एक खोली निघत होती.

थोरली काकू आता नव्वदीला आली आहे. तिच्यासमोर कागद ठेवले. तिनं चष्मा लावून एकेक बघितला, बाजूला ठेवला आणि कॅलेंडरच्या पानाची मागची बाजू मागितली. तिची मापं फुटांत नव्हती. चुलीपासून मोरीपर्यंत भरली कळशी घेऊन नऊ पावलं. फडताळाची वरची फळी हात उंचावून टाचा वर केल्यावर लागेल इतकी. नात शेजारी बसून काकूचं पाऊल मोजत, टेपनं इंच लिहून घेत होती.

'आणि ही मोकळी जागा?' नातीनं विचारलं.

'अगं, ती बाजूला बसायची खोली. चार दिवस तिथं. बाळंतीणही तिथंच. ह्यांना कशी आठवेल? आत कुणी पुरुष आलाच नाही कधी.' काकूनं पेन्सिलीनं चौकोन पुरा केला. 'लग्न होऊन आले तेव्हा तिला नुसता झरोका होता, वरती, कौलांखाली. दिवसा दिवा लावावा लागे. थोरल्याच्या वेळी बाळंतपणात मी अप्पांना निरोप पाठवला, आक्कांच्या तोंडून. म्हटलं, घर तुम्ही बांधलंत, पण या खोलीत मी राहत्ये. खिडकी पाहिजे. दुसऱ्या महिन्यात गवंडी आला.'

आम्ही सगळे गप्प. दादाचा जन्म त्या खोलीतला. सत्तर वर्षं ते घर आमचं होतं, आणि अप्पांच्या बांधणीत कुणी बदल करायला लावला होता हे त्या दिवशी पहिल्यांदा कळलं.

नातीनं पूर्वेच्या भिंतीवर खिडकी काढली. काकूनं तिच्या हातून रबर घेऊन ती पुसली. 'तिकडे नव्हे. विहिरीकडे. पाणी काढायला कोण आलंय ते दिसायचं, बोलता यायचं.' मग गज किती, कडी आतून की बाहेरून, खिडकीची चौकट कुठल्या लाकडाची, हे सगळं तिनं लिहून घेववलं. चौकट आंब्याची होती, बर्मा टीकची नव्हे. बाजूला बसायच्या खोलीसाठी बर्मा टीक कोण घालणार, असं ती म्हणाली, आणि त्या चौकटीला वाळवी लागल्यावर ती कधी बदलली तेही तिनं सांगितलं.

कागद गुंडाळताना तिनं नातीचा हात धरला. 'मे महिन्यात रत्नागिरीला जाणार म्हणतेस ना? त्या राजवाड्याच्या मागल्या दारी जा. टेप घेऊन जा. त्या राणीची मोरी कुठे होती, तेवढं शोधून ये.'